नऊ वर्षं साथीला वाजवलं, आता पुढे उभं राहायचंय

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: "नऊ वर्षं एका गायकाच्या मागे गिटार वाजवतोय. ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) हा जीव की प्राण. सगळे म्हणतात हात चांगला आहे, स्वतःचा बँड काढ. ज्या ब्लूज गिटारवाल्यांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या मागे काढलं आणि मग स्वतःच्या नावावर उभे राहिले, त्यांनी नेमकं काय केलं? आहे तो बँड सोडायचा का?"

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. सोडू नका, निदान आत्ता तरी. बाकीच्याला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात २७ वर्षं गिटार वाजवतोय. त्यातली पहिली १९ मागच्या रांगेत गेली: ऑर्केस्ट्रा, लग्नाआधीच्या संगीताचे कार्यक्रम, हॉटेलांतली शनिवारची नाईट. पुढची आठ वर्षं स्वतःच्या तिघांच्या बँडसमोर. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं शिकागोच्या ब्लूजवाल्यांचं ऐकून-वाचून आलेलं आहे, चुका मात्र घरच्या आहेत.

बहुतेकांना वाटतं की पुढे यायचं तर हात आणखी फिरला पाहिजे, सोलो आणखी लांबले पाहिजेत. मलाही वाटायचं. अडचण कुठे येते ते बघायला एक साधा संथ ब्लूज घ्या. १२ बार (खंड), प्रत्येकात ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. सेकंदाला एक मात्रा धरली तर ४८ सेकंद. गायक पहिली ओळ पहिल्या दोन बारमध्ये म्हणतो, तिसरा-चौथा मोकळा. तीच ओळ पाचव्या-सहाव्यात पुन्हा, सातवा-आठवा मोकळा. नवव्या-दहाव्यात निकाल लावणारी ओळ, आणि अकरावा-बारावा परत पहिल्यावर यायला. मोकळे सहा बार, म्हणजे २४ सेकंद. साथीच्या गिटारवाल्याचा सगळा संसार या २४ सेकंदांत असतो. गायक म्हणतो "ती गेली", आणि गिटार कधी "गेली खरी" म्हणते, कधी "बरं झालं गेली". नऊ वर्षांत तुम्ही उत्तर द्यायला शिकलात, तेही समोरच्याचा श्वास ओळखून.

पुढे उभे राहिलात की उरलेले २४ सेकंदही तुमचेच. आधी काहीतरी विचारायचं, मग स्वतःच उत्तर द्यायचं. माझ्या पाहण्यातले चांगले चांगले गिटारवाले इथेच अडकले. त्यांच्याकडे उत्तरं भरपूर होती, विचारायला काही नव्हतं.

ह्युबर्ट समलिन या साथीच्या गिटारवाल्याची गोष्ट म्हणूनच सविस्तर सांगतो. हा १९३१ साली मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला जन्मला आणि नदीपलीकडे आर्कान्सात वाढला. लहानपणी हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाला ऐकायला तो एका गुत्त्याबाहेर कोकाकोलाच्या क्रेटांवर चढला आणि खिडकीतून थेट आत पडला. कार्यक्रम संपल्यावर वुल्फनं त्याला घरी आईकडे पोचवलं. हा किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. १९५४ मध्ये वुल्फनं त्याला शिकागोला बोलावून घेतलं, आणि मधले काही महिने मडी वॉटर्स या दुसऱ्या गायकाकडे गेला ते सोडले तर १९७६ च्या जानेवारीत वुल्फ वारला तोवर हा माणूस त्याच्या शेजारीच उभा होता. जवळजवळ २२ वर्षं.

वुल्फ अंगानं धिप्पाड, आवाज खडी भरलेल्या ट्रकसारखा. सुरुवातीला ह्युबर्ट त्याच्या गाण्यावर चढून वाजवायचा. वुल्फनं त्याला घरी पाठवलं: पिक (तारा छेडायची नखी) बाजूला ठेव, बोटांनी वाजव, जमलं तर ये. ह्युबर्टनं पिक ठेवला तो कायमचाच. नखाऐवजी मांस तारेला लागलं की सूर जरा उशिरा आणि गोल उमटतो, शब्दाच्या मागून येतो. ज्या तुटक, अचानक झेप घेणाऱ्या फ्रेजेसवर पुढे इंग्लंडची एक पिढी वेडी झाली, त्यांचं मूळ या मालकाच्या दटावणीत आहे. १९६४ चं 'किलिंग फ्लोअर' ऐका. त्यातली गिटार काढली तर गाण्याचा कणाच जातो. आणि रेकॉर्डवर नाव कुणाचं? हाउलिन वुल्फचं.

वुल्फ गेल्यावर काय झालं ते तुमच्यासाठी महत्त्वाचं. बँड फुटला नाही. सॅक्सोफोनवाला एडी शॉ पुढे आला, 'वुल्फ गँग' नावानं सगळे वाजवत राहिले आणि ह्युबर्ट काही वर्षं पुन्हा मागेच. जगातला सर्वांत ओळखीचा साथीदार, पण खुर्ची रिकामी झाल्यावर त्यात बसला दुसराच. कारण शॉला माणसं चालवायला येत होती. नंतर ह्युबर्टचे स्वतःच्या नावाचे अल्बम निघाले. १९८७ च्या अल्बमवर गायला माइटी सॅम मॅक्लेन. २००० नंतरच्या दशकात आलेल्या 'अबाउट देम शूज'वर एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स अशी मंडळी, बहुतेक गाणी मडी वॉटर्सची, गळे इतरांचे. तो स्वतः गातो ते अगदी शेवटी. आवाज मऊ, लाजरा. २००२ मध्ये त्याचं एक फुप्फुस काढलं, तरी २०११ मध्ये ८० व्या वर्षी जाईपर्यंत तो वाजवत राहिला. अंत्यविधीचा खर्च मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी उचलला. इतका मान! तरीही तो शेवटपर्यंत उत्तर देणाराच राहिला, आणि मला त्यात अपयश दिसत नाही. दिसतं ते एवढंच की २२ वर्षांत त्याला प्रश्न विचारायची सवय लागली नाही, आणि ४४ व्या वर्षी ती लावून घेणं जड गेलं.

आता दुसरा गिटारवाला, बडी गाय. तो शिकागोला आला २५ सप्टेंबर १९५७ ला, वय २१. लुइझियानात असताना त्यानं गिटार स्लिम नावाच्या वादकाला पाहिलं होतं. हा गृहस्थ लांबलचक वायर लावून वाजवत वाजवत लोकांत शिरायचा. बडीनं ते उचललं. शिकागोच्या क्लबांतल्या चढाओढीत शंभर-दीडशे फुटांची वायर घेऊन तो थंडीत बाहेर रस्त्यावरूनच वाजवत आत यायचा. गिटार आधी ऐकू यायची, माणूस नंतर दिसायचा. तुमच्या-माझ्या भाषेत एंट्री. म्हणजे साथीदार होण्याआधीच त्याच्यात पुढारी, म्हणजे बँडचा म्होरक्या, होता.

तरी शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीत त्याचं ६० चं दशक गेलं ते इतरांच्या मागे. १९६३ मध्ये मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रणाला जुन्या खेड्यातला कुणी अकूस्टिक वाजवणारा म्हातारा हवा होता, मडीनं आणला हा २७ वर्षांचा पोरगा, आणि त्यानं वाजवलंही तसंच, अंग चोरून. स्टेजवर मात्र तो ॲम्प (ॲम्प्लिफायर) फाडत होता. तो आवाज कंपनीचा मालक लेनर्ड चेस याला गोंगाट वाटायचा, म्हणून रेकॉर्डवर येऊ दिला नाही. १९६५ मध्ये हार्मोनिकावाला ज्युनियर वेल्स याच्या 'हूडू मॅन ब्लूज' या अल्बमवर तो वाजला तेव्हा चेसचा करार आड येईल म्हणून कव्हरवर नाव छापलं 'फ्रेंडली चॅप'. म्हणजे आपला 'भला माणूस'! (मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत वाजवणाऱ्या आमच्या गोव्याच्या वादकांना तर तेवढंही मिळालं नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाजवलं, तबकडीच्या लेबलवर नाव संगीतकाराचं आणि गायकाचं.) १९६७ पर्यंत बडी दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढणारा ट्रक चालवायचा आणि रात्री वाजवायचा. पुढे ब्रिटिश पोरांनी तोच गोंगाट विकून पैसा केल्यावर चेसनं बोलावून घेतलं आणि पाठ वाकवून म्हणाला, मला लाथ मार, असं बडी स्वतः सांगतो.

त्यानंतरही सरळ रस्ता नव्हता. ८० च्या दशकात अमेरिकेत त्याच्याकडे धड रेकॉर्डचा करार नव्हता. १९८९ मध्ये त्यानं शिकागोत स्वतःचा क्लब काढला, लेजेंड्स. १९९१ मध्ये 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज' आला, ग्रॅमी मिळालं. वय ५५. आणि २०११ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा ७४ वर्षांचा हा माणूस मुख्य कलाकार. मी तिकीट काढून गेलो होतो, उजवीकडे भिंतीला टेकून उभा. त्या रात्री सोलोपेक्षा मी त्याची करंगळी जास्त बघत होतो. पिक चालू असताना करंगळी गिटारच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर. ओळ गायची वेळ आली की नॉब खाली, इतका खाली की एसीची घरघर ऐकू यावी. लोक नकळत पुढे झुकतात. मग तो कुजबुजल्यासारखं एक वाक्य म्हणतो, थांबतो, आणि नॉब वर. ही त्याची जुनीच युक्ती, पण समोरून बघताना माझ्या मागच्या रांगेतल्या वर्षांचा हिशोब लागला. त्यानं आधी मोकळी जागा तयार केली. मला आजवर ती आयती मिळत होती.

तुमच्या नऊ वर्षांत व्हॉल्यूम कमी करायची सवय असेलच, पण ती गायकासाठी. स्वतःसाठी करून बघा. फार विचित्र वाटतं.

बँड सोडावा की नाही, यावर मडी वॉटर्सचा बँड हीच शाळा. मडी आपल्या माणसांना अडवायचा नाही. दुसरी गिटार वाजवणारा जिमी रॉजर्स १९५० पासून चेसवर स्वतःच्या नावानं गात होता आणि रात्री मडीच्या शेजारी वाजवतही होता. लिटल वॉल्टर गिटारवाला नव्हे, हार्मोनिकावाला, पण त्याचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १२ मे १९५२ ला मडीच्या सेशनमध्ये त्याची 'ज्यूक' ही धून रेकॉर्ड झाली, जी बँड एरवी कार्यक्रम संपवताना वाजवायचा. ती आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ८ आठवडे पहिल्या नंबरवर राहिली. वॉल्टर तेव्हा मडीबरोबर दौऱ्यावर होता. तो निघाला, शिकागोला आला आणि ज्युनियर वेल्सचा तयार बँड ताब्यात घेतला. वेल्स मडीकडे आला. क्रम बघा: आधी नावावर धून, मग हातात बँड, मग राजीनामा. आपल्याकडे पोरं राजीनाम्यापासून सुरुवात करतात. अर्थात रॉजर्सला हे सगळं करूनही १९६० च्या आसपास वाजवणं थांबवून शिकागोत कपड्यांचं दुकान टाकावं लागलं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत ते जळालं, आणि ७० च्या दशकात तो पुन्हा गिटारकडे आला. गिटारवाला रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर तर १९४१ पासून आर्कान्साच्या रेडिओवर हार्मोनिकावाला सनी बॉय विल्यमसन याच्या साथीला होता, पण पूर्ण स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला १९७० मध्ये. त्याचंही वय ५५. तुम्हाला उशीर झालाय असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंयत, म्हणून हे सांगितलं.

जोडी विल्यम्सचं नाव कुणी फारसं घेत नाही. वुल्फच्याच बँडमधला, ह्युबर्टचा जोडीदार. त्यानं वाजवलेली एक गत, म्हणजे छोटी धून, दुसऱ्यांच्या गाण्यात गेली, गाणं तुफान चाललं, हा कोर्टात भांडला आणि हरला. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकून त्यानं झेरॉक्स कंपनीत नोकरी धरली, ती निवृत्तीपर्यंत. मग २००० नंतर पुन्हा स्टेजवर आला. यातून घ्यायचं ते एवढंच: साथीला असताना सुचलेले चांगले तुकडे आजच फोनवर रेकॉर्ड करून तारखेनिशी ठेवा. आणि ते सगळेच गायकाच्या गाण्यात खर्च करू नका.

आता माझी पहिली रात्र. कोरेगाव पार्कातला एक कॅफे, चाळीसेक माणसं. पहिलं गाणं संथ, ई या पट्टीत. ओळ गायलो आणि सवयीनं डोळे मिटून उत्तर द्यायला लागलो. उत्तर रंगलं. पाचव्या बारला गायचं होतं, आठव्याला आठवलं. ड्रमर बिचारा माझ्याकडे बघतोय, बेसवाला त्याच्याकडे. शेवट तर विचारू नका. मी डोळे मिटलेलेच, इशारा कुणी द्यायचा? ड्रमरनं एकदा संपवलं, मी चालूच. त्यानं पुन्हा संपवलं, तोवर मी थांबलो होतो. तिसऱ्यांदा सगळे एकदम. पुढच्या टेबलावरच्या आजोबांनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या, इतके सज्जन.

डोळे मिटणं ही साथीदाराची चैन आहे. पुढारी डोळे उघडे ठेवून वाजवतो, कारण बाकीच्यांना समेवर आणणं आता त्याच्याकडे असतं. तबल्याचा सोलो ऐकता ना? तिथे कुणीतरी लेहरा (आवर्तन दाखवत फिरणारी एकच धून) धरून बसलेला असतो, तो हलला तर तबलजी उघडा पडतो. तुम्ही आजवर लेहरा धरलात. आता तुमच्यासाठी तो धरणारा शोधा, आणि असा शोधा की ज्याला धरण्यातच सुख आहे. माझ्या पहिल्या बँडमध्ये बेसवाला माझ्यापेक्षा सरस होता आणि त्यालाही पुढेच यायचं होतं. चार महिने टिकलो.

गाण्याबद्दल. "मला गाता येत नाही" हे तुम्ही लिहिलंच नाहीत, पण तालमीत ते येईलच. फ्रेडी किंग या गिटारवाल्यासारखं वाद्यसंगीतावर नाव करता येतं. १९६१ मध्ये 'हाइड अवे' ही त्याची बिनशब्दांची धून चांगलीच चालली. पण तोही जबरदस्त गायचा, आणि निव्वळ वाद्यावर दीड तास माणसं बसत नाहीत. टेक्सासचा गिटारवाला स्टीव्ही रे वॉन याच्या बँडमधली गायिका १९७९ मध्ये निघून गेली आणि गाण्याचा सगळा भार त्याच्यावर आला, म्हणून आपल्याला तो गायक म्हणूनही माहीत आहे. पट्टी गळ्याची धरा, गिटारची नको. ई मध्ये मोकळ्या तारा गोड वाजतात म्हणून मी वर्षभर ई मध्ये ओरडत होतो. माझा गळा सी मध्ये आहे हे बायकोनं सांगितलं. आणि मिसिसिपीच्या माणसाचा उच्चार उसना आणू नका. शब्द इंग्रजीच असतील, पण तोंड आपलंच ठेवा. नाहीतर लोक नक्कल ऐकायला बसल्यासारखे हसतात.

पैशाचं दोन शब्दांत. साथीदाराला पाकीट मिळतं, पुढाऱ्याला सुपारी. पाकिटात ठरलेली रक्कम असते, सुपारीत काय असेल ते कार्यक्रमानंतर कळतं. एका आयोजकानं चौघांची ठरवून तिघांचीच दिली. कीबोर्डवाला पाहुणा होता, त्याचे मी घरून दिले आणि त्या महिन्याचा गिटारचा हप्ता मित्राकडून. तेव्हापासून निम्मी उचल आधी, मगच गाडीत ॲम्प चढतो. वुल्फची अनेक वादकांना आठवण होती ती त्याच्या आवाजाइतकीच त्याच्या वेळेवरच्या पगाराची. तो बँडच्या माणसांना आरोग्य विमाही द्यायचा. ह्युबर्ट २२ वर्षं टिकला त्यामागे हेही असणारच.

तर आत्ता करायचं एवढंच. तुमच्या गायकाकडून एक गाणं मागून घ्या. मध्यंतरानंतरचं पहिलं मागा, लोक हातात प्लेट घेऊन खुर्च्या शोधत असतात तेव्हाचं. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे नाही म्हणणार नाही. एकच संथ १२ बार, तीन कडवी, सोलो एका आवर्तनाचा, त्याहून जास्त नाही. पट्टी गळ्याची, डोळे उघडे, करंगळी नॉबवर. सहा महिने तेच गाणं, प्रत्येक कार्यक्रमात. प्लेटवाले तिसऱ्या बारला मान वर करायला लागले की दुसरं गाणं मागा.